भाव

आपल्या भाषेने किमतीला आणि मनातल्या भावनेला एकच शब्द दिला आहे. ज्वारीला भाव असतो आणि वारकऱ्याच्या मनातही भाव असतो. चार्ट पाहून शेअरांची खरेदी-विक्री करणाऱ्यांचे सारे शास्त्र या एका शब्दात सामावले आहे, असे मला वाटते. त्यांचे म्हणणे असे, की कंपनी काय बनवते, तिचा ताळेबंद काय सांगतो, हे पाहत बसण्याचे कारण नाही. जे कोणाला म्हणून ठाऊक आहे, ते सारे भावात आधीच उतरलेले असते. माणसांची आशा आणि भीतीही त्यात उतरलेली असते. आणि माणसे पुन्हा पुन्हा त्याच तऱ्हेने आशा धरतात व भितात, म्हणून भावाच्या रेषेत त्याच त्या आकृती उमटतात.

मी बाजारातला माणूस नव्हे. माझी हयात शाळेत गणित शिकवण्यात गेली. परंतु माझा भाचा काही वर्षांपासून या विद्येच्या नादी लागला आहे. आणि माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे त्याच्या आईने, निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतला काही भाग त्याच्या हवाली करावा की काय, असे मला विचारले. "तू गणितातला. तूच सांग," अक्का म्हणाली. प्रश्न गणिताचा नव्हता हे माझ्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही.

ही विद्या आजची नाही. अठराव्या शतकात जपानमधल्या ओसाकाच्या दोजिमा पेठेत पुढे मिळणाऱ्या तांदळाचे सौदे होत. साकाता गावचे होम्मा मुनेहिसा नावाचे व्यापारी तिथे लोकांच्या मनाचा कल पाहून भाव ताडत, अशी त्यांची ख्याती आहे. मेणबत्तीच्या आकाराच्या आजच्या चार्टचे जनकत्वही त्यांनाच देतात. त्यात दंतकथेचा भाग बराच असावा. अमेरिकेत चार्ल्स डाऊ यांनी 'वॉल स्ट्रीट जर्नल'च्या अग्रलेखांतून बाजाराच्या भरती-ओहोटीचा विचार मांडला. ते १९०२ साली वारले. त्या विचाराला 'सिद्धांत' हे भारदस्त नाव इतरांनी मागाहून दिले. पुढे १९४८ साली एडवर्ड्स आणि मॅगी या दोघांनी एका जाडजूड ग्रंथात साऱ्या आकृती नावानिशी मांडल्या.

त्यांतली सर्वांत प्रसिद्ध आकृती म्हणजे 'डोके आणि खांदे'. भाच्याने ती मला कागदावर काढून दाखवली. समजा, एक शेअर शंभरापर्यंत चढला आणि पंच्याऐंशीवर उतरला. हा डावा खांदा. मग तो एकशे पंधरावर गेला आणि पुन्हा पंच्याऐंशीवर आला, हे डोके. तिसऱ्यांदा चढताना मात्र शंभरापाशीच त्याचा दम गेला. हा उजवा खांदा. आता पंच्याऐंशीची रेषा, जिला ते मान म्हणतात, ती मोडून भाव खाली आला, की विकून मोकळे व्हायचे.

"पण मामा, यात लोक पाहा," तो म्हणाला. "ज्यांनी एकशे दहाला घेतला ते अडकलेत. ते रोज देवाला म्हणतायत, मुद्दल सुटू दे, फायदा नको. तेवढ्यात भाव शंभरावर येतो. त्यातल्या काहींचा धीर सुटतो, थोडा तोटा सोसून ते विकतात, आणि म्हणूनच तो वर जात नाही."

मला हे विवेचन फार आवडले. त्या वेड्यावाकड्या रेषेत अचानक माणसे दिसू लागली. एखादा निवृत्त कारकून, मुलीच्या लग्नाची बेरीज करणारा एखादा बाप. पण गणिताच्या मास्तराला आवडणे आणि पटणे यांत अंतर ठेवावे लागते. पावसाळ्यात भिंतीवर धरलेल्या ओलीत मला लहानपणी रोज एक घोडा दिसे. तो भिंतीत होता की माझ्या डोळ्यांत?

या शंकेचीही परंपरा आहे. १९५९ साली शिकागो विद्यापीठातील हॅरी रॉबर्ट्स यांनी यदृच्छेने आलेल्या संख्यांवरून एका नसलेल्या बाजाराचा वर्षभराचा आलेख काढला. तो हुबेहूब खऱ्या बाजाराचा वाटला. त्यात डोके आणि खांदेसुद्धा उमटले होते! उलट बाजूही सांगायला हवी. २००० साली अँड्र्यू लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ ते १९९६ या काळातील अमेरिकन शेअरांचे भाव संगणकाकडून तपासून घेतले, तेव्हा काही आकृतींत थोडीफार माहिती असते असे त्यांना आढळले. त्या माहितीवर नफा होतोच, असे मात्र त्यांनी म्हटले नाही. म्हणजे घोडा थोडासा भिंतीत असतो आणि पुष्कळसा डोळ्यांत.

एका दुपारी मी रुपयाचे नाणे दोनशे वेळा उडवले. छाप पडली तर रेषा एक घर वर, काटा पडला तर एक घर खाली. तो कागद भाच्यापुढे ठेवला आणि कशाचा आहे ते सांगितले नाही. त्याने तो बारकाईने पाहिला, पेन्सिलीने एक तिरपी रेषा ओढली आणि म्हणाला, "इथे मी घेतला असता." मी नाण्याची हकिकत सांगितली. तो ओशाळेल अशी माझी समजूत होती. तो मनमोकळा हसला आणि त्या रेषेखाली त्याने आणखी एक आडवी रेघ मारली. "आणि इथे स्टॉपलॉस लावला असता. नाणं असो नाहीतर कंपनी, इथे मी चुकलो असं समजून बाहेर."

स्टॉपलॉस म्हणजे खरेदी करतानाच ठरवून ठेवलेला खालचा भाव; तिथे तोटा सोसून विकायचे, कुरकुर करायची नाही. त्या आडव्या रेघेने मला कितीतरी दिवस विचारात पाडले. ज्योतिषी कधी सांगत नाही, की अमुक तारखेपर्यंत अमुक घडले नाही तर माझे शास्त्र खोटे माना. राजकारणी सांगत नाही, आणि आपणही आपल्या मतांबद्दल असे कुठे लिहून ठेवतो? चार्टवाल्यांची पुस्तके साधलेल्या आकृतींनी भरलेली असतात आणि झाल्यावर शहाणपण सांगणारे त्यांच्यातही उदंड आहेत. तरी 'मी इथे चुकलो' हे आधीच लिहून ठेवणारा मनुष्य, त्याची आकृती पोकळ असली तरी, स्वतःपाशी प्रामाणिक आहे. उलट 'कंपनी चांगली आहे' असे म्हणत उतरत्या भावाबरोबर तळाला जाणाऱ्याची निष्ठा पुष्कळदा निव्वळ हट्ट असते. (मुंबईच्या शेअरबाजारात १९५७ पासून दिवाळीला तासाभराचे मुहूर्ताचे सौदे होतात. त्या खरेदीला सहसा कोणी स्टॉपलॉस लावत नसावे. ती श्रद्धेची खरेदी!)

अर्थात, रेघ मारली म्हणजे बाजार ती पाळतो असे नाही. २३ मार्च २०२० रोजी सकाळीच सेन्सेक्स दहा टक्के कोसळला, पाऊण तास सौदे थांबले, आणि दिवसअखेर तो ३,९३४ अंक गमावून २५,९८१ वर आला. त्या दिवशी कित्येकांच्या रेघा ओलांडून भाव थेट खाली उतरला असेल. वायदे आणि ऑप्शन यांच्या व्यवहाराची गोष्ट तर विचारूच नका. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार मार्च २०२४ पर्यंतच्या तीन आर्थिक वर्षांत त्यात उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, आणि सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. त्यांतल्या कितीतरी जणांपुढे चार्ट उघडा असेलच.

पण मला अडवणारी गोष्ट वेगळी होती. भाचा आपल्या पैशांवर रेघ मारतो, ते ठीकच आहे. अक्काचा पैसा मात्र चार्टवरच्या विश्वासाने येणार नव्हता, तो मुलावरच्या विश्वासाने येणार होता. आणि त्या विश्वासाला खालची रेघ नसते. मी तीस वर्षांत कोणत्याही विद्यार्थ्यावर ती मारली नाही. तिमाहीत नापास, सहामाहीत नापास, तरी वार्षिकाला तो पास होईल असे धरून चाललो. आईचे तर सोडाच. जिथे अविश्वास हाच सद्गुण आहे, तिथे असा बिनशर्त भरवसा गुंतवायचा, यात मला काही तरी अनुचित वाटत होते. भाच्याने एक चूक कबूल करून दुसरी आकृती शोधावी, दुसरी चुकली तर तिसरी. प्रत्येक तोटा लहान आणि नियमात बसणारा. पण दहा लहान तोट्यांनंतर अक्का त्याला 'आता पुरे' म्हणू शकणार होती का?

हे सारे मी दोघांना समोर बसवून सांगितले. अक्काने निम्मेच ऐकले असावे. तिने तो नाण्याचा कागद उचलला, खालच्या आडव्या रेघेवर बोट ठेवले आणि मुलाला विचारले, "इथे आलं, की तू विकणार. मग मी काय करायचं?"

एरवी चार्टविषयी तासन्‌तास बोलणारा मुलगा काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "आई, तुझे पैसे पोस्टातच असू दे."

ते पोस्टात आहेत. भाचा अजून संध्याकाळी आकृती शोधत बसतो. अक्का त्याच्याजवळ चहा ठेवते, आणि पडद्यावर पाहून कधी कधी विचारते, की आज डोके दिसते का.