दूरच्या लेकरांशी नाते



अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलिया अशा देशांतील अनेक धर्मग्रामांनी समुद्रापलीकडच्या एखाद्या बालकाश्रमाशी नाते जोडलेले असते. चर्चच्या दाराशी मुलांचे फोटो लावलेले असतात. एकेक कुटुंब एकेका मुलाचे धर्ममाता-धर्मपिता होते. नाताळला भेटी जातात, मुलांची पत्रे येतात, सुट्टीत तरुण मंडळी तिकडे जाऊन आश्रमाच्या भिंती रंगवून येतात. हे नाते आपल्यालाही अनोळखी नाही. आपल्याकडे सिस्टरांच्या बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या कित्येकांच्या जेवणाचा आणि पुस्तकांचा खर्च अशाच न पाहिलेल्या दात्यांनी उचलला होता. म्हणून या विषयावर बोलताना कृतज्ञता आधी आणि प्रश्न नंतर.

प्रश्न मात्र विचारायलाच हवा. हे नाते नेमके कोणासाठी असते? लेकरासाठी, की देणाऱ्याच्या मनाच्या समाधानासाठी?

1954 साली मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका शहरात एका मुलाने चर्चच्या दानपेटीतील पैसे चोरले. तेथील धर्मगुरू फादर विल्यम वॉसन यांनी तक्रार नोंदवण्याऐवजी त्या मुलालाच आपल्याकडे मागून घेतले. पुढच्या आठवड्यात न्यायाधीशांनी आणखी आठ मुले त्यांच्याकडे पाठवली. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेच्या स्पॅनिश नावाचा अर्थ आहे 'आमची धाकटी भावंडे'. पुढे होंडुरास, हैती आणि इतर देशांतही तिची घरे झाली. परदेशातील असंख्य कुटुंबे तिथल्या मुलांचे धर्ममाता-धर्मपिता झाली. सख्ख्या भावंडांची ताटातूट करायची नाही, हा फादर वॉसन यांचा नियम होता. मुलाला पोळी हवी असते, तशीच आपली माणसेही हवी असतात, हे त्यांनी ओळखले होते.

याच मायेची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. 12 जानेवारी 2010 रोजी हैतीत भीषण भूकंप झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतील बाप्टिस्ट मंडळींचे दहा सदस्य 33 मुलांना बसमध्ये घालून शेजारच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकात नेत असताना सीमेवर अडवले गेले. तिथे अनाथाश्रम काढायची त्यांची योजना होती. चौकशीत कळले, की मुलांचे आईवडील जिवंत होते. 'तिकडे पोर शिकेल, पोटभर जेवेल' या आशेने त्यांनीच ती सोपवली होती. कंबोडियात 2005 ते 2010 या पाच वर्षांत बालकाश्रमांची संख्या सुमारे 75 टक्क्यांनी वाढली. त्या काळात देशात अनाथ मुले वाढली नव्हती. वाढले होते ते परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या. 2011 च्या पाहणीनुसार त्या आश्रमांतील दर चार मुलांपैकी सुमारे तिघांचे आई किंवा वडील हयात होते.

म्हणजे काय झाले? पैसा आश्रमाच्या दारात ठेवला गेला, म्हणून गरीब आईने मूलही त्याच दारात आणून सोडले. तोच पैसा तिच्या उंबऱ्यावर पोहोचला असता, तर लेकराला घर सोडावे लागले नसते. कोणाच्या मनात पाप नव्हते असे धरले, तरी मूल आईला मुकले ते मुकलेच. हेतू चांगला असला की काम आपोआप चांगले होते, असे नाही.

मग मदत थांबवायची का? मुळीच नाही. ज्यांना खरोखर कोणी नाही, किंवा ज्यांना स्वतःच्या घरातच धोका आहे, अशी मुले आजही आहेत. त्यांच्यासाठी मायेचे छप्पर हवेच. शिवाय, चाललेली मदत एका फटक्यात तोडली तर पहिला उपास मुलांनाच घडेल. प्रश्न देण्याचा नाही, देण्याच्या दिशेचा आहे.

संत याकोब आपल्या पत्रात खऱ्या धर्माविषयी लिहिताना अनाथ आणि विधवा यांचा उल्लेख एकाच दमात करतात. पवित्र शास्त्रातील अनाथ म्हणजे बहुतेक वेळा बापाचे छत्र हरपलेले मूल. त्याची आई त्याच्या शेजारीच उभी असते. आपण मात्र कितीदा अनाथाला उचलतो आणि विधवेला मागे सोडतो! नाईन गावच्या वेशीवर प्रभू येशूने विधवेच्या एकुलत्या एका मुलाला जिवंत केले. त्या तरुणाला प्रभू आपला शिष्य करून सोबत नेऊ शकला असता. संत लूक सांगतात, की प्रभूने त्याला त्याच्या आईच्या स्वाधीन केले. मुलाला वाचवणे आणि घरी परत देणे ही प्रभूने एकच कृती मानली.

युगांडातील धर्मभगिनींनी हीच वाट धरली आहे. तेथील धर्मसंघांच्या संघटनेने 2016 साली एक उपक्रम सुरू केला. बालकाश्रम चालवणाऱ्या सिस्टर्स समाजकार्याचे शिक्षण घेतात, मुलांच्या नातलगांचा शोध घेतात, त्या घरांना आधार देतात आणि जमेल तिथे मुलांना परत पाठवतात. ज्या आश्रमात उमेद घालवली, तोच हळूहळू रिकामा करायचा, याला मोठे मन लागते.

दात्यांनाही तेवढेच मोठे मन लागते. आश्रमाशी नाते जोडणाऱ्या धर्मग्रामाने विचारावे: यातील किती मुलांचे आईवडील आहेत? गेल्या वर्षी किती मुले घरी गेली? नातलगांची विचारपूस करायला कोणी जाते का? आणि शेवटचा प्रश्न स्वतःला: उद्या 'आपले' मूल घरी गेले, त्याचा फोटो आला नाही, पत्र आले नाही, तरी आपण त्याच्या आईसाठी पैसे पाठवत राहू का? या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल, तर ते नाते प्रेमाचे आहे. नसेल, तर आपण पैसे देऊन स्वतःसाठीच काहीतरी विकत घेत होतो.

हा प्रश्न फक्त परदेशी धर्मग्रामांनाच लागू आहे असे नाही. आपणही मुलांचे वाढदिवस आणि नाताळ साजरे करायला जवळच्या बालकाश्रमात केक घेऊन जातो. आपल्या देशाचा 2015 चा बाल न्याय कायदाही सांगतो, की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा. तेव्हा पुढच्या खेपेला केकबरोबर एक प्रश्नही न्यावा: यांतल्या कोणाला घरी जाता येईल का, आणि त्यासाठी आमच्याकडून काय हवे?

हे प्रभो, तू विधवेला तिचा मुलगा परत दिलास. लेकरांना जवळ घेण्याचे प्रेम आम्हांला दे, आणि त्यांना त्यांच्या आईच्या हाती देण्याचे धैर्यही दे. आमेन.