विचारणाऱ्याची मुदत

कुणी काही विचारले, तर त्याला सरळ उत्तर द्यावे, की ते ज्याचे त्याला शोधू द्यावे? प्रश्न शाळेतला वाटतो, परंतु तो घरोघरचा आहे. चकलीच्या भाजणीचे प्रमाण विचारणाऱ्या नव्या सुनेला 'करता करता कळेल' असे सांगणारी सासू आणि 'चार वाट्या तांदूळ घे' म्हणून मोजून देणारी सासू, या दोघींत शहाणी कोणती, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही.

मी स्वतः आजवर पहिल्या सासूच्या पक्षाचा. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडल्या एका लहानशा खाजगी शाळेत मी मराठी शिकवतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले. पुढे जे काही आले, ते वाचनालयातल्या पाठकोरी पुस्तके चाळून. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या, त्याही कुणाला न विचारता. त्यामुळे आपण शोधलेले तेच आपले, अशी माझी बुद्धी होऊन बसली. मुलगा शब्दाचा अर्थ विचारायला आला की मी कपाटाकडे बोट दाखवावे, हा माझा नेम. त्या नेमाचा मला अभिमानही होता.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास एका जुन्या संगणकाने या अभिमानाची परीक्षा घेतली.

आमच्या शाळेत आठवीला एक मुलगी होती. जन्मापासून तिला दिसत नाही. तिची थोरली बहीण दिवसा कापूस वेचायला जाई आणि रात्री धाकटीला धडे वाचून दाखवी. बहिणीच्या आवाजावर मुलगी आठवीपर्यंत आली. त्या वर्षी थोरलीचे लग्न ठरले. तुळशीची लग्ने आटोपली की तिचे. लग्नानंतर धडे कोण वाचणार, हा प्रश्न घरात कुणी उघड काढीत नव्हते. पण मुलगी हळूहळू अबोल होत चालली होती.

अशात कुणी मोडीत निघालेला एक संगणक शाळेला दिला. चौकशी करता कळले की, लिनक्स नावाची प्रणाली त्यावर फुकट घालता येते. तिच्यात 'ऑर्का' नावाचा वाचक आहे, तो पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो, आणि 'ईस्पीक'चा आवाज जोडला तर मराठीतही बोलतो. आवाज कोरडा, यंत्राचा, पण न थकणारा. मी पुस्तिका वाचून ती प्रणाली यंत्रावर चढवली. अक्षरे उमटली, चित्रे उमटली. आवाज मात्र उमटेना.

आवाजाचे काम करते ते साउंड कार्ड. आकड्यांची रांग घेऊन तिची विजेची लाट करायची आणि ती लाट कर्ण्याकडे धाडायची, एवढेच त्याचे कार्य. परंतु कार्डाशी बोलायला प्रणालीला दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. 1991 साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. कार्डे बनवणाऱ्या कंपन्या पुष्कळदा आपल्या कार्डाचे मर्म सांगत नसत. तेव्हा परक्या यंत्राची भाषा ठोकून-ठोकून शिकावी, तसे हौशी लोकांनी दुभाषे तयार केले. प्रथम फिनलंडच्याच हानू सावोलाइनेन यांची व्यवस्था रूढ होती. पुढे 1998 च्या सुमारास यारोस्लाव किसेला या झेक गृहस्थाने 'आल्सा' नावाची नवी व्यवस्था आरंभली, आणि 2003 च्या डिसेंबरात निघालेल्या गाभ्यात ती सामील झाली. टोरवाल्ड्सने स्वतःच्या आवाजात, आपण लिनक्स हा शब्द कसा उच्चारतो, हे सांगणारी एक ध्वनिफीत करून ठेवली आहे. नवखे लोक आपले कार्ड चालते की नाही, हे तीच वाजवून पाहत. मीही ती मिळवून वाजवली. पडद्यावर काटा सरकत होता, फीत संपल्याचे दिसत होते, आणि खोलीत फक्त पंख्याची घरघर.

रोज शाळा सुटल्यावर मुलगी भिंतीला धरून यायची आणि विचारायची, "सर, बोललं का जी ते?" मी म्हणायचो, "उद्या बोलेल." अशा अकरा संध्याकाळी गेल्या.

अखेर मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला पत्र धाडले. तो पुण्यात संगणकाचेच काम करतो. कार्ड बोलत नाही, काय करावे, एवढेच लिहिले. त्याचे उत्तर एका ओळीचे आले: "सर, यंत्राला कार्ड दिसते का, ते आधी तुम्हीच शोधून बघा."

मला राग आला. मी लहान तोंडी मोठा घास घेतला नव्हता; एक साधा प्रश्न विचारला होता. आणि त्या रागातच मला एक जुनी गोष्ट आठवली, जी मी बरीच वर्षे आठवू दिली नव्हती.

एका शुक्रवारी सातवीतला एक मुलगा मला विचारायला आला होता, "सर, हरकत म्हंजे काय जी?" मी नेमाप्रमाणे कपाट दाखवले. कपाटाला कुलूप होते आणि किल्ली सोमवारी मिळायची. "मग सोमवारी बघ," मी म्हणालो. तो घुटमळला आणि गेला. 'हरकत नाही' म्हणजे 'चालेल', इतके त्याला ठाऊक होते. म्हणून हरकत ही काहीतरी चांगलीच गोष्ट असावी, असे त्याने घरी सांगितले. पुढे कळले, की त्याच्या बापाला शेताच्या मोजणीची नोटीस आली होती. शेजाऱ्याशी धुऱ्याचा वाद होता, आणि हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी, असे त्या कागदावर होते. मुदत टळली. बापाने मला कधी बोल लावला नाही. त्याला माझा संबंध ठाऊकच नव्हता. मला होता.

छांदोग्य उपनिषदात इंद्र आणि विरोचन हे दोघे आत्म्याचे ज्ञान मागायला प्रजापतीकडे जातात. प्रजापती प्रथम अपुरे उत्तर देतो. विरोचन त्यावर संतुष्ट होऊन घरी जातो. इंद्राला वाटेत शंका येते, तो परत फिरतो, पुन्हा फिरतो, आणि एकशे एक वर्षे राहून खरे ज्ञान घेऊन जातो. ही कथा मी किती वर्षे माझ्या बाजूचा पुरावा म्हणून सांगत आलो! परंतु तिच्यातली एक गोष्ट माझ्या ध्यानी आली नव्हती. इंद्राजवळ एकशे एक वर्षे होती. माझ्या विद्यार्थ्याजवळ सात दिवस होते. त्याला भाषा नको होती, जमीन राखायची होती. आणि मी, कशासाठी हवे रे, एवढे चार शब्द विचारले नाहीत.

तथापि दोष एकट्या उत्तर देणाऱ्याचा असतो, असेही नाही. मी पुण्याला धाडलेले पत्र पुन्हा वाचले. त्यात कार्ड होते, यंत्र होते. मुलगी नव्हती, तिच्या बहिणीचे लग्न नव्हते. माझी गरज लपवून मी केवळ कुतूहल दाखवले होते, कारण गरज दाखवायला कमीपणा वाटतो. मग तो तरी काय समजणार? मी दुसरे पत्र लिहिले. त्यात सगळे लिहिले, तिथीसुद्धा.

त्याच रात्री त्याचा फोन आला. "सर, मला वाटलं तुम्ही हौसेनं शिकताय. हे आधी सांगायचं ना!" मग त्याने एकेक पायरी सांगितली आणि मी एकेक करीत गेलो. यंत्राला कार्ड दिसत होते. दुभाषा जागा होता. त्याने आवाजाचे फलक उघडायला लावले. त्याचे नाव 'आल्सामिक्सर'. उभ्या पट्ट्यांखाली इंग्रजी 'एम' हे अक्षर जोडीने लिहिलेले. "सर, ते मुकं ठेवलंय. एमची कळ दाबा." मी दाबली. पट्टी वर नेली. आणि त्या खोलीत एक कोरडा आवाज मराठी बोलू लागला.

बिघडले काहीच नव्हते. कार्ड प्रथम जोडल्यावर आवाज बंद ठेवावा, एकाएकी कर्णकटू गोंगाट होऊ नये, अशी ती व्यवस्था करणाऱ्यांनीच योजना केली होती. अकरा दिवस मी निरोगी यंत्राला आजारी समजत होतो.

दुसऱ्या दिवशी मुलीने एक धडा ऐकला, नंतर दुसरा. "ताईसारखं नाही वाचत," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "पण वाचते." थोरलीचे लग्न वेळेवर झाले.

आता माझा जुना पक्ष मी सोडला का? पुरता नाही. गरज भागल्यावर मी त्या फलकाचे सारे शास्त्र शिकलो आणि तिला शिकवले. आवाज गेला तर कोणती कळजोडी दाबून कोणती ओळ लिहायची, तेही. फाल्गुनात एकदा प्रणाली नवी करताना यंत्र पुन्हा मुके झाले. मी दुसऱ्या वर्गावर होतो. तिने कुणाला हाक मारली नाही. काही ऐकू येत नसता, काही दिसत नसता, तिने ती ओळ पाठांतरावर न चुकता लिहिली, आणि यंत्र बोलू लागले. त्या दिवशी मी तिला उत्तर दिले असते, तर तिचे काहीतरी मी हिरावून घेतले असते.

म्हणून मला वाटते, आधी विचारणाऱ्याची मुदत विचारावी. ती जवळ आली असेल, तर उत्तर द्यावे, आणि शिकवणे मागाहून करावे. ती दूर असेल, तर खुशाल शोधायला धाडावे. आणि आपण विचारणारे असू, तेव्हा आपली मुदत सांगायला लाजू नये.

आमच्या शाळेतल्या शब्दकोशाच्या कपाटाला आता कुलूप नाही. पण तिकडे बोट दाखवण्यापूर्वी मी मुलाला जवळ बोलावतो आणि विचारतो, "कशासाठी पाहिजे रे, बाबू?"