मध्ये ठेवलेली वस्तू

शब्दांवर आपला फार विश्वास आहे. दोन माणसांत मतभेद झाला की आपण म्हणतो, ‘समोरासमोर बसा, बोला, म्हणजे मिटेल.’ भिन्न विद्यांची माणसे एखाद्या नव्या कामासाठी एकत्र आली, की तिथेही आपण पहिल्याप्रथम बैठकच भरवतो. परंतु अशा बैठकीत होते काय? ज्याला बोलता येते तो बोलतो. आणि ज्याला काम येते तो पुष्कळदा मान डोलावून घरी जातो. डॉक्टरची भाषा निराळी, सुताराची निराळी. शिवाय ह्या भाषांना समाजात सारखा मानही नाही. मग ज्याच्यापाशी शब्द नाहीत त्याचे ज्ञान दुसऱ्यापर्यंत पोहोचावे कसे?

ह्या प्रश्नाचे उत्तर मला जयपूरच्या पायात सापडते.

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यतज्ज्ञ होते, एडिंबरोहून एफ.आर.सी.एस. झालेले. त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर काम करीत. हाताचे कसब विलक्षण, शाळेचे शिक्षण बेताचे. त्या काळी पाय गमावलेल्या माणसाला पाश्चात्त्य धर्तीचा जो कृत्रिम पाय मिळे त्याचा घोटा ताठ असे, आणि त्यावर बूट चढवावा लागे. खुर्चीवर बसणाऱ्या देशांत तो चालून गेला. पण आपल्याकडचा माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, अनवाणी शेतात उतरतो, देवळाच्या दाराशी चपला काढतो. असा माणूस तो पाय घरी नेई, कोपऱ्यात उभा करून ठेवी आणि पुन्हा कुबडीच हाती घेई.

१९६८च्या सुमारास ह्या दोघांनी सहकाऱ्यांसह जो नवा पाय सिद्ध केला, त्याची रचना पाहण्यासारखी आहे. चवडा आणि टाच सच्छिद्र रबराची, घोट्याशी लाकडाचा ठोकळा, आणि त्या सर्वांवर साच्यात तापवून एकजीव केलेले रबराचे वेष्टन. पाऊल कोणकोणत्या बाजूंना वळले पाहिजे हे शल्यतज्ज्ञाला ठाऊक. तापवलेले रबर कुठे चिवट होईल आणि कुठे चिरेल हे कारागिराच्या बोटांना ठाऊक. आणि ओल्या बांधावर तोल कसा जातो, हे फक्त तो पाय घालून चालणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक. तिघांपैकी एकाचेही ज्ञान दुसऱ्याच्या भाषेत पुरते उतरणारे नव्हते. पण तिघांच्या मध्ये पाऊल ठेवले की ते वाकवून दाखवता येते, दाबून पाहता येते, घालून ‘इथे रुतते’ एवढे म्हणता येते. तेवढे दोन शब्द पुरतात.

अशा वस्तूंचा विचार पंडितांनीही केला आहे. १९८९ साली सुसान ली स्टार आणि जेम्स ग्रीसमर ह्यांनी कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या एका प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाच्या इतिहासावर निबंध लिहिला. तिथे एकाच प्राण्याच्या कातड्याकडे सापळे लावणारे मिळकत म्हणून पाहत, हौशी संग्राहक निसर्गाचा ठेवा म्हणून, आणि शास्त्रज्ञ पुरावा म्हणून. त्यांचे हेतू कधीच एक झाले नाहीत, तरी काम एकत्र झाले. अशा वस्तूंना त्यांनी जे नाव दिले, त्याचे मराठी ‘सीमावस्तू’ असे करता येईल. एकमत नसतानाही सहकार्य होऊ शकते, हे त्यांचे म्हणणे मला पटते. परंतु मला ह्यात एक नैतिक बाजूही दिसते.

शिंप्याकडे आपण कोट शिवायला टाकतो तेव्हा तो मधे एकदा बोलावतो आणि कच्च्या टाक्यांचा कोट अंगावर चढवतो. तो उसवता येतो, म्हणूनच आपण काखेत ओढते असे सांगायला धजतो. पक्की शिलाई करून, इस्त्री मारून त्याने तोच कोट पुढे केला, तर आपण ‘छान झाला’ म्हणून पैसे देऊ आणि जन्मभर अवघडून वावरू. म्हणजे वस्तू मध्ये ठेवली एवढ्याने भागत नाही. ती उसवण्याजोगी ठेवावी लागते. मोठमोठ्या योजनांच्या काचेच्या पेटीतल्या सुबक प्रतिकृती पाहिल्या की मला शंका येते, ही वस्तू बोलावे म्हणून ठेवली आहे, की गप्प बसावे म्हणून? कच्चा टाका घालणे हे कौशल्य खरे. पण त्याआधी, माझे काम दुसऱ्याने उसवले तरी चालेल, असे मनाशी ठरवावे लागते. अधिकार ज्याच्याकडे आहे त्याला हे ठरवणे सर्वांत जड जाते. रबर चिरले तर ते कारागिराच्या चाचणीत जसे चिरते तसेच एफ.आर.सी.एस.च्या मतालाही चिरून दाखवते. वस्तूला पदवी वाचता येत नाही.

जगाला मात्र वाचता येते. १९८१ सालचा मॅगसायसाय पुरस्कार डॉ. सेठींना मिळाला. ते त्याला पात्र होतेच. स्वतःची विद्या बाजूला ठेवून कारागिराच्या हाताकडे पाहणारा शल्यतज्ज्ञ रोज भेटत नाही. पण पुरस्कार माणसाच्या नावे दिला जातो, आणि पायावर कुणाचेच नाव कोरलेले नसते. रामचंद्रांचे नाव निदान जाणत्यांना माहीत आहे. ज्यांनी बुटाचा पाय कोपऱ्यात ठेवून आपला नकार कळवला, त्या शेतकऱ्यांची नावे कुणी लिहून ठेवली आहेत? उकिडवे बसता आले पाहिजे, ही ह्या पायामागची मूळ मागणी तर त्यांचीच होती.

काम चालू असेतो वस्तू सर्वांना सारखे बोलू देते. काम संपले की शब्द परत येतात, आणि त्यांच्याबरोबर मानपानही. तेव्हा ज्याच्यापाशी शब्द आहेत त्याच्यावर एक ऋण उरते. ती वस्तू कुणाकुणाच्या हातांनी घडली आणि कुणाच्या तक्रारीने बदलली, हे त्याने स्वतःहून सांगितले पाहिजे. कारण वस्तू ते सांगणार नाही, आणि बाकीच्यांना कुणी विचारणार नाही.