ज्ञानी पुरुषाचा शोक

आत्मा अविनाशी आहे हे ज्याने जाणले, त्याने आप्ताच्या वियोगाने रडावे काय, हा भारतीय तत्त्वविचारातील फार जुना प्रश्न आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांचा उपदेश सुरू होतो तोच मुळी जाणते लोक मेलेल्यांचा किंवा जिवंतांचा शोक करीत नाहीत या भूमिकेने, आणि ज्ञानदेवांनी शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवासे येथे पूर्ण केलेल्या ‘ज्ञानेश्वरी’त या भूमिकेचे विस्ताराने विवरण केले आहे. असे असता, ज्यांच्या कृपेने हा ग्रंथ सिद्ध झाला असे ग्रंथकार वारंवार सांगतात, ते गुरू निवृत्तिनाथ आपल्या या शिष्याच्या, म्हणजेच धाकट्या भावाच्या, समाधीच्या वेळी शोकाने व्याकुळ झाले, असे वारकरी परंपरा निःसंकोचपणे सांगते. ही विसंगती मानावी, की शोकाकडे पाहण्याची या परंपरेची स्वतंत्र दृष्टी मानावी, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

परंपरेने मानलेल्या तिथींनुसार ज्ञानदेवांनी शके १२१८ (इ. स. १२९६) मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदी येथे संजीवन समाधी घेतली; योग्याने पूर्ण जागृतीत, स्वेच्छेने आणि कायमचे समाधिस्थ होणे म्हणजे संजीवन समाधी. त्यानंतर महिनाभरात, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, त्यांचे भाऊ सोपानदेव यांनी कऱ्हेकाठी सासवड येथे समाधी घेतली; पुढच्या वैशाखाच्या वद्य पक्षात तापीतीरी विजेच्या लोळात बहीण मुक्ताबाई अंतर्धान पावल्या; आणि ज्येष्ठात स्वतः निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी समाधिस्थ झाले. थोरले निवृत्तिनाथ तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचे आणि धाकट्या मुक्ताबाई अठराच्या आतबाहेर. संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रमात आलेले वडील विठ्ठलपंत आणि आई रुक्मिणीबाई यांनी देहान्त प्रायश्चित्त स्वीकारले, तेव्हापासून ही चार भावंडे एकमेकांच्याच आधाराने वाढली होती. ते घर कार्तिक ते ज्येष्ठ या अवघ्या सात-आठ महिन्यांत रिकामे झाले.

या काळाचे वर्णन संत नामदेवांच्या नावावरील ‘समाधी’ या अभंग-प्रकरणात येते. त्यातील सर्वच अभंग नामदेवांचे आहेत काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी वारकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच प्रकरण श्रद्धेने गायिले आहे, आणि येथे प्रश्न परंपरेच्या श्रद्धेचाच असल्यामुळे त्याचे प्रामाण्य पुरेसे आहे. नामदेवांचे पुत्र समाधीची जागा झाडून स्वच्छ करतात, तेथे तुळशी-बेलाची पाने अंथरली जातात, निवृत्तिनाथ ज्ञानदेवांना हाताला धरून आसनावर बसवतात आणि बाहेर येऊन समाधीवर शिळा लावतात. याच प्रसंगी त्यांच्या मनाची उपमा बांध फुटून बारा वाटांनी धावणाऱ्या तळ्याशी दिलेली आहे. आईवडील सोडून गेले तेव्हाही असे संकट वाटले नव्हते, असे ते मागे वळून म्हणतात. कारण तेव्हा शोक वाटून घ्यायला भावंडे होती आणि आता त्यांतीलच एक निघाले होते.

ज्ञानी पुरुषाच्या अशा शोकाची उपपत्ती सामान्यतः दोन प्रकारे लावली जाते. पहिला पक्ष प्रारब्धाचा आधार घेतो: ज्या पूर्वकर्माचे फळ या देहात भोगायला सुरुवात झाली आहे ते कर्म म्हणजे प्रारब्ध, ते ज्ञानानेही टळत नाही, म्हणून ज्ञान्याच्या देहमनाला सुखदुःख होते, मात्र आत्मा त्यापासून अलिप्त राहतो. दुसरा पक्ष म्हणतो की असा शोक लोकसंग्रहासाठी, म्हणजे सामान्य जनांना धरून राहण्यासाठी, केवळ वरवर केलेला असतो. पहिल्या मताने शोकाला जागा मिळते, पण ती एखाद्या उरलेल्या ऋणाएवढीच. दुसऱ्या मताने तर निवृत्तिनाथांचे अश्रू दिखाऊ ठरतात, आणि अभंगांत त्याला कोठेही आधार सापडत नाही.

याहून समाधानकारक उत्तर ज्ञानदेवांच्याच विचारात आहे. ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणात त्यांनी अज्ञानाचे खंडन केले असून, जग हा अज्ञानातून उपजलेला आभास नाही, तर चैतन्याने आपल्याच आनंदासाठी घेतलेले रूप, म्हणजे चिद्विलास आहे, असे प्रतिपादिले आहे. नवव्या प्रकरणात जीवन्मुक्ताच्या, म्हणजे देह असतानाच मुक्त झालेल्याच्या, दशेचे वर्णन करताना ते भक्तीचा निषेध करीत नाहीत. देव आणि भक्त एकच आहेत हे कळल्यावरही भक्ती उरते, आणि तेव्हाच ती सहज होते, असे त्यांचे म्हणणे आहे. याच कवीने ‘विराण्या’, म्हणजे प्रियकराच्या वियोगाने पोळलेल्या स्त्रीच्या मुखातून बोलणारी पदेही रचली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. ऐक्याच्या ज्ञानानंतरही जर प्रेमाला स्थान असेल, तर त्या प्रेमाची दुसरी बाजू असलेल्या विरहालाही स्थान असलेच पाहिजे. जग हा चैतन्याचा विलास असेल, तर बंधुत्व हाही त्या विलासाचाच एक प्रकार आहे, आणि त्याच्या तुटण्याने होणारी वेदना अज्ञानाच्या खाती टाकता येत नाही.

मग गीतेने निषेधिलेला शोक कोणता? अर्जुनाचा शोक मोहातून आला होता; ‘माझे’ म्हणून धरून ठेवलेले सुटू नये या आग्रहाने त्याची गात्रे शिथिल झाली, धनुष्य गळाले आणि कर्तव्य थांबले. निवृत्तिनाथांच्या शोकात हा आग्रह नाही. ते ज्ञानदेवांना ‘जाऊ नको’ म्हणून अडवत नाहीत. ज्या हातांनी डोळे पुसले त्याच हातांनी शिळा लावतात, पुढच्याच महिन्यात सोपानदेवांना निरोप देतात, आणि मुक्ताबाईही गेल्यावर, ज्या त्र्यंबकेश्वरी आपले गुरू गहिनीनाथ यांच्याकडून उपदेश घेतला होता तेथेच आपला देह ठेवतात. मोहाचा शोक माणसाला कर्तव्यापासून मागे ओढतो, तर प्रेमाचा शोक अंतःकरण पिळवटूनही कर्तव्याच्या आड येत नाही. या दोहोंतील भेद शोकाच्या तीव्रतेवरून ठरत नाही, शोक करणारा पुढे काय करतो यावरून ठरतो.

वारकरी संप्रदायाने हा विचार ग्रंथांपुरता ठेवलेला नाही. या चारही भावंडांच्या पालख्या आजही आषाढी वारीला आपापल्या ठिकाणाहून पंढरपूरला जातात, आणि वाटेत ज्ञानदेव व सोपानदेव यांच्या पालख्यांची बंधुभेट होते, तेव्हा दोन्हीकडील मानकरी एकमेकांना श्रीफळ देतात आणि हजारो वारकऱ्यांचे डोळे भरून येतात. आत्म्याला मरण नाही असे मानणारेच हे लोक आहेत, तरी त्या अश्रूंची त्यांना लाज वाटत नाही.

ज्या घरात एका वर्षात एकामागून एक माणसे गेली, तेथे जाऊन आत्म्याचे अमरत्व ऐकवण्याची घाई कोणी करू नये. ते सत्य त्या घराला बहुधा ठाऊक असते आणि तरीही रडू येते, यात ज्ञानाचा पराभव नाही. मागे उरलेल्यांना रडू द्यावे, आणि जे कर्तव्य त्यांच्या हातून व्हायचे आहे ते पार पाडण्यासाठी त्यांच्या शेजारी उभे राहावे.