पुढे केलेला हात

हस्तसामुद्रिकाचा अभ्यास आम्ही उतारवयात आरंभिला, आणि तोही, आज सांगावयास संकोच वाटतो, 'शास्त्रीय' पद्धतीने. गुरू केला नाही. नव्या धर्तीची चारदोन पुस्तके आणली, एक भिंग घेतले, शाई लावून तळहाताचा ठसा उमटविण्यास शिकलो, आणि प्रत्येक ठशाखाली वय, व्यवसाय व आम्हांस सुचलेला निष्कर्ष वहीत टिपून ठेवू लागलो. हुबळीच्या आमच्या देवळात समाराधनेच्या पंगती उठल्या की सभामंडपातील खांबाशी आम्ही बसावे आणि मंडळींनी हसतखेळत हात पुढे करावे, असा क्रम दोन वर्षे चालला.

या दोन वर्षांत हातांविषयी आम्ही पुष्कळ शिकलो, हे मात्र खरे. देवळातील आचाऱ्याच्या बोटांची पेरे वाफेने गुळगुळीत झालेली असतात. रेल्वे कारखान्यात जन्म घालविलेल्या फिटरच्या रेषांत तेलाची काळिमा अशी मुरलेली असते की ठशासाठी निराळी शाई नसली तरी चालावे. पुस्तक म्हणे, रेषा पुसट असणे हे मंदभाग्याचे लक्षण. पण हमालाचा हात पुसट होतो तो पोत्यांनी घासून. आणि त्याच झिजेमुळे आज रेशनच्या दुकानातील यंत्र कित्येकदा त्याचा अंगठा ओळखीत नाही व त्यास धान्यावाचून परतावे लागते. पुस्तकाचे भाकीत अशा रीतीने खरे ठरते खरे, परंतु ते ग्रहांच्या योगाने नव्हे! आयुष्यरेषेचेही तसेच. १९९० साली ब्रिस्टल येथील काही डॉक्टरांनी शंभर मृतांच्या आयुष्यरेषा मोजल्या, आणि रेषेची लांबी व मृत्यूसमयीचे वय यांत काहीएक मेळ त्यांना आढळला. हे वाचून आम्ही हर्षभरित झालो होतो. वय वाढते तशा कातडीच्या वळ्याही वाढतात. म्हणजे रेषा दीर्घ म्हणून आयुष्य दीर्घ असे न होता उलटेही असू शकते, ही साधी गोष्ट ध्यानी यावयास आम्हांस बरेच दिवस लागले.

पण ज्या प्रसंगाने आमची वही मिटली तो निराळाच. गेल्या नवरात्रात एक बाई आमच्यासमोर येऊन बसल्या. त्यांच्या यजमानांचा हात आम्ही आदल्या वर्षी पाहिला होता व 'ऐंशी सहज पार कराल' असे मोठ्या उत्साहाने सांगितले होते. ते बावन्नाव्या वर्षी गेले. बाईंच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी कोंकणीत एवढेच विचारले, "माम, तुम्हांला तेव्हा दिसले होते की नव्हते दिसले?" आणि मग, जणू आमचीच समजूत घालावी अशा स्वरात, त्या म्हणाल्या की छातीत दुखू लागले तेव्हा ते हसून म्हणाले होते, मामांनी ऐंशी सांगितली आहेत.

वाचकहो, या प्रश्नास उत्तर काय द्यावे? दिसले होते म्हणावे, तर ते दडविले का? दिसले नव्हते म्हणावे, तर बोललो का? तिसरी वाट आम्ही कितीतरी रात्री शोधली, ती नाही.

रेषांत काही तथ्य आहे की नाही, हा वाद आम्ही येथे लांबवीत नाही. तळहाताच्या मुख्य वळ्या गर्भाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास उमटू लागतात आणि हात जेथे दुमडतो तेथे त्या असतात. कुंडलीची परीक्षा तर आपल्याकडेच झाली आहे. २००८ साली कै. जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर हुशार व शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमविल्या आणि त्यांतून प्रत्येक ज्योतिष्यास चाळीस देऊन त्या ओळखावयास सांगितल्या. उत्तर पाठविले सत्तावीस जणांनी. यशाचे प्रमाण सरासरी शेकडा ४६. नाणे उडविले असते तरी याहून कमी पडले नसते. हातांचे फल याहून बरे येईल असे मानण्यास आम्हांस तरी कारण दिसत नाही.

मग लोकांना ते पटते का? याचे उत्तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रे हायमन यांच्या तरुणपणच्या अनुभवात आहे. ते हात पाहून पैसे मिळवीत आणि लोकांचे समाधान पाहून त्यांचाही विद्येवर विश्वास बसला होता. एका जाणत्या मित्राने सुचविले की एकदा रेषा सांगतील त्याच्या नेमके उलट सांगून पाहा. त्यांनी तसे केले, आणि लोक तितकेच थक्क झाले. म्हणजे सत्य रेषेत नव्हते. ऐकणाराच ते आपल्या आयुष्यातून काढून आपल्या शब्दांत भरीत होता. हे वाचल्यावर त्या बावन्न वर्षांच्या गृहस्थाचा चेहरा आम्हांस आठवला. ऐंशीचा आकडा आमचा. त्यात विश्वास भरला तो त्यांनी.

आमचे एक ज्येष्ठ स्नेही, धारवाडला मास्तरकीत केस पांढरे झालेले, आम्हांस म्हणतात, "खोटे असेना, धीर तर येतो! दुःखिताला चार गोड शब्द सांगण्यात पाप कसले?" या युक्तिवादाने आम्ही दीर्घकाळ आपली समजूत घातली होती. धीर देणे निराळे आणि हमी देणे निराळे. 'काळजी करू नका, आम्ही आहोत' असे म्हणणारा आपल्या अंगावर काही घेतो. 'तुमच्या हातावरच लिहिले आहे' असे म्हणणारा काहीच घेत नाही. बोलतो स्वतः आणि साक्षीला विधात्यास उभा करितो. डॉक्टरही नवजात बालकाचा तळवा पाहतात. आडवी एकच रेष दिसली तर कधी कधी ती डाऊन सिंड्रोमची खूण असते. पण पुष्कळ निरोगी माणसांच्या हातावरही ती असते, म्हणून तेवढ्यावर ते निर्वाळा देत नाहीत, रक्त तपासतात. पाहावे आणि थांबावे, हा संयम आमच्या भिंगासोबत आला नव्हता.

आपल्या पूर्वजांनी ही विद्या टाकाऊ मानली नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पुरुषलक्षणे सांगताना हातावरील रेषांचाही विचार आहे. तरीही मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात संन्याशास बजावले आहे की नक्षत्रविद्या वा अंगविद्या सांगून भिक्षा मिळवू नये. विद्या खोटी म्हणून हा निषेध आहे, असे तेथे म्हटलेले नाही. आम्हांस वाटते, ज्याच्या शब्दाला लोक मान देतात त्याच्यापुढे येणारा हात गरजेचा असतो, आणि गरजेच्या हाताशी व्यवहार करू नये, हे त्या स्मृतिकारास ठाऊक असावे. दक्षिणा आम्ही कधी घेतली नाही. पण सभामंडपातील तो मान, ती भोवतीची गर्दी, ही काय भिक्षा नव्हती? सकाळी अंथरुणावर बसून आपण तळहात पाहतो तो स्वतःचा, आणि त्यास भविष्य विचारीत नाही.

बाईंना आम्ही खरे तेच सांगितले. आम्हांस काही दिसले नव्हते. आम्हांस काही कळत नव्हते. त्या बराच वेळ खांबाला टेकून बसल्या. मग त्यांनी विचारले, यजमानांच्या हाताचा ठसा वहीत आहे का? होता. शाई थोडी फाकलेली, अंगठ्याजवळ जुन्या जखमेची खूण स्पष्ट. त्यांनी त्या खुणेवर बोट ठेविले आणि तो कागद मागितला. आम्ही पान फाडले, खालचा आमच्या हस्ताक्षराचा भाग कात्रीने कापून घेतला, आणि उरलेले त्यांच्या हाती दिले.