धारेचे पाणी

‘मोडेन, पण वाकणार नाही’ हे वचन आपल्याकडे लहानपणापासून मनावर ठसवले जाते. वीराच्या तोंडी ते शोभतेही. पण ज्या पोलादाची ऐट आपण त्यात उसनी घेतो, त्या पोलादाला ते मान्य आहे काय, हे कोणी विचारीत नाही.

बाजाराच्या दिवशी लोहाराच्या भात्यापाशी रेंगाळण्याची मला खोड आहे. सुरीचे पाते सुमारे ८०० अंशांपर्यंत तापून लालबुंद होते आणि तेलात बुडवताच चर्र करून काळे पडते. लोहार त्यावर कानस घासून पाहतो. ती काचेवरून सरकावी तशी सरकून जाते. बघणाऱ्याला वाटते, झाले पाते तयार! लोहार मात्र ते जपून धरतो. ह्या घटकेला ते जितके कठीण, तितकेच ठिसूळ असते. फरशीवर आपटले तर दोन तुकडे व्हायचे. ‘मोडेन, पण वाकणार नाही’, ते हेच!

म्हणून तो पाते घासून उजळ करतो आणि पुन्हा मंद आचेवर धरतो. आता रंग चढू लागतात. २२० अंशांच्या आसपास गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा. प्रत्येक रंगासरशी थोडा कठीणपणा जातो आणि चिवटपणा येतो. वस्तऱ्याला पिवळा पुरतो. घाव सोसणाऱ्या कुऱ्हाडीला जांभळ्यापर्यंत जावे लागते. किती नमावे, हे ज्याच्या त्याच्या कामावर ठरते.

कारखान्यात रॉकवेल यंत्रावर हिऱ्याचे टोक १५० किलोच्या भाराने पोलादात दाबतात आणि ते किती रुतले त्यावरून आकडा काढतात. नुकते पाणी दिलेले पाते ६५ च्या घरात, तर स्वयंपाकघरातली चांगली सुरी ५६ ते ६० पर्यंत. म्हणजे मोठा आकडा अर्धवट पात्याचा! शिवाय हा आकडा कठीणपणा सांगतो. पाते केव्हा मोडेल, ते सांगत नाही. माणसाच्या बाबतीतही आपण ताठपणाचा तेवढा आकडा वाचतो आणि त्यालाच चारित्र्य म्हणतो. ‘तत्त्वाचा प्रश्न आहे’ म्हणून वर्षानुवर्षे न बोलणारे दोन भाऊ कोणत्या घराण्यात नसतात? भाऊबीजेला बहिणीने दोघांना दोन वेळा ओवाळायचे!

मग प्रत्येक तडजोड शहाणपणाचीच म्हणावी काय? छे! निळ्याच्या फार पुढे तापवलेले पाते वाकते खरे, पण कापीत नाही. शिसेही वाकते, त्याची कोणी सुरी करीत नाही. मला एकच कसोटी दिसते. नमते घेतल्यावरही खोट्याला खोटे म्हणण्याइतकी धार उरली, तर ते नमणे शहाणपणाचे. ती गेली, तर ती शरणागती.

आपण माणसाचे ‘पाणी जोखतो’. ते जोखताना त्याचा ताठा पाहू नये. घाव सोसूनही त्याची धार टिकली का, ते पाहावे.