स्वतःच्या पायावर उभे राहताना



हा लेख आम्ही पाच जणांनी मिळून लिहिला आहे. आम्ही आपल्याच धर्मग्रामातली मुले. तीन मुली, दोन मुलगे. एकाच कॉलेजात शिकतो, एकाच गाडीने जातो-येतो आणि पाचही जणांनी मराठी हा विषय घेतला आहे. 'मराठी घेऊन पुढे काय करणार?' हा प्रश्न आम्हांला रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात अनेकांनी विचारला आहे. त्यामुळे यश म्हणजे काय, याचा विचार आम्हांला इतरांपेक्षा जरा जास्तच करावा लागतो.

यंदा वर्गात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचे वाचन झाले. मॅडम एकेकाला उभे करून पाने वाचायला लावत. पुष्कळदा वाचणाऱ्यालाच हसू आवरत नसे आणि वर्गही हसत असे. शेवटच्या दिवशी मॅडमनी फळ्यावर दोन प्रश्न लिहिले : लक्ष्मीबाई स्वतंत्र होत्या का? लक्ष्मीबाई यशस्वी होत्या का? प्रत्येकी दहा ओळींत उत्तर. दहा ओळी काय, गाडीतच लिहून होतील, असे आम्हांला वाटले. प्रत्यक्षात त्या दहा ओळींनी आमचे दोन आठवडे घेतले आणि दोन घरांत वादही घडवून आणला. म्हणूनच ते आपल्यासमोर मांडावेसे वाटले.

आधी थोडी माहिती. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांच्या घरी सोवळेओवळे अतोनात. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, असा दंडक. शाळेचे नाव नाही. लहानपणीच लग्न झाले ते नारायण वामन टिळकांशी. टिळक मोठे कवी, पण संसाराच्या दृष्टीने लहरी माणूस. आज इथे तर उद्या तिथे. हातात पैसा आला की तो दुसऱ्याला देऊन मोकळे. 1895 साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळी एका ब्राह्मण बाईच्या दृष्टीने हे संकट म्हणजे नवरा जिवंत असून संसार बुडाल्यासारखेच होते. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ राहायला गेल्या, पण धर्म आपलाच ठेवला. 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

आमचे पहिले उत्तर होते, 'नाही.' लक्ष्मीबाई स्वतंत्र नव्हत्या. कारण सरळ होते. वाचायला शिकवले नवऱ्याने. कुठे राहायचे ते ठरवले नवऱ्याने. शेवटी धर्मही नवऱ्याचाच घेतला. आत्मचरित्र लिहिले तेही मुलाने आग्रह धरला म्हणून. यात स्वतःचे असे काय? आमच्यातल्या एकाने तर वहीत लिहूनही टाकले की, 'लक्ष्मीबाई या पतीच्या सावलीत वाढलेल्या थोर स्त्री होत्या.' वाक्य छान होते. पण आमच्यातलीच एक, जी सहसा बोलत नाही, ती म्हणाली, ''मग मधली पाच वर्षं कुठे गेली?''

त्या पाच वर्षांनी आमचे उत्तर मोडले. बायकोने नवऱ्याच्या मागे जावे, ही त्या काळची रीत. ती रीत पाळायची असती तर 1895 सालीच त्या गेल्या असत्या. उलट नातेवाइकांचे ऐकायचे असते तर त्या कधीच गेल्या नसत्या. त्यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी वेळ घेतला. जातीपाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. विचारांती त्यांना दिसले की हे काम माणसाचे आहे. त्यानंतर त्या कोणाच्याही हातचे पाणी प्यायला तयार झाल्या, आणि हे बाप्तिस्म्याच्या आधीच. धुतल्याशिवाय वस्तू घरात न घेणाऱ्या घरातली ही मुलगी. तिला कोणी हुकूम केला नव्हता.

आम्हांला वाटते, स्वातंत्र्य ओळखायची खूण इथे आहे. आमच्या वयात आम्ही 'नाही' म्हणण्याला स्वातंत्र्य समजतो. आईने सांगितले त्याच्या उलट केले की आपण स्वतंत्र. पण जो प्रत्येक वेळी उलट वागतो तोही आईच्याच शब्दाला बांधलेला असतो, फक्त उलट्या बाजूने. लक्ष्मीबाई पाच वर्षे 'नाही' म्हणाल्या आणि नंतर 'हो' म्हणाल्या. त्यांचा नकारही स्वतःचा होता आणि होकारही स्वतःचाच होता, कारण दोन्हींच्या मागचा विचार त्यांनी केला होता.

यावर आमच्यातल्या दुसऱ्याने शंका काढली. अक्षर टिळकांनी दिले, पुस्तके टिळकांनी दिली, तर विचार तरी त्यांचा कसा म्हणायचा? शंका योग्य होती. पण मग जगात कोणाचाच विचार स्वतःचा नाही. भाषा आईने दिली, बाराखडी बाईंनी दिली, धर्मशिक्षण चर्चने दिले. दुसऱ्याने वाट दाखवली तरी चालावे आपल्यालाच लागते. टिळकांचे बोलणे तर बायकोने रोजच ऐकले असेल. तरीही तिचा होकार यायला पाच वर्षे लागली, यावरूनच दिसते की तो टिळकांच्या हातात नव्हता.

इथपर्यंत सगळे वहीत ठीक होते. मग गोष्ट घरात आली.

आमच्यातल्या एकीच्या वडिलांची फुलांची छोटी वाडी आहे. पहाटेच्या गाडीने ते दादरला फुले घेऊन जातात, गेली कित्येक वर्षे. तिला पुण्याला एम. ए. करायचे आहे. वडिलांचे म्हणणे असे की, त्याऐवजी इथेच एखादा नोकरीचा कोर्स करावा. एका रात्री जेवताना वाद झाला. ती शिकवण्या घेते, हातात चार पैसे येतात. त्या भरात ती म्हणाली, ''पप्पा, मी आता माझ्या पायावर उभी आहे. मी कोणाचं काही देणं लागत नाही.'' वडील काही बोलले नाहीत. ताटावरून उठून हात धुतले आणि टोपल्या बांधायला बसले. पहाटे ते गेले तेव्हा ती जागीच होती. दार उघडल्याचा, सायकलला टोपल्या अडकवल्याचा आवाज तिने ऐकला. तिनेच गाडीत आम्हांला हे सांगितले आणि तिच्या परवानगीनेच आम्ही इथे लिहीत आहोत.

त्याच आठवड्यात आमच्यातल्या एका मुलाची नेमकी उलटी गोष्ट पुढे आली. त्याचे मामा, मावशी, चुलत भावंडे सगळी परदेशात. घरच्यांनी त्याच्यासाठीही तोच रस्ता ठरवला आणि त्याने मुकाट्याने फॉर्म भरला. ''आई-बाबांनी एवढं केलं, त्यांना नाही कसं म्हणू?'' असे तो म्हणाला. ऐकायला हे फार चांगले वाटते. पण आम्ही त्याला विचारले, ''तुला जायचं आहे का?'' तो म्हणाला, ''मी तसा विचारच नाही केला.'' परदेशी जाणे वाईट असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. आपल्या कितीतरी घरांचा आधार तो आहे. पण विचार न करता दिलेला होकार म्हणजे आज्ञापालनही नव्हे आणि प्रेमही नव्हे. पुष्कळदा ती फक्त भीती असते. ज्या चाकराने धन्याने दिलेला पैसा जमिनीत पुरून ठेवला, त्यानेही ते भीतीपोटीच केले होते आणि धन्याला ते आवडले नाही, हे आपण शुभवर्तमानात ऐकतो.

या दोघांची चूक एकच आहे, असे बोलता बोलता आमच्या ध्यानात आले. दोघांनीही ऋण आणि निर्णय यांची गल्लत केली. तिला वाटले, निर्णय माझा असेल तर ऋण नाकारायला हवे. त्याला वाटले, ऋण आहे म्हणजे निर्णय माझा नाही. लक्ष्मीबाईंनी ही गल्लत केली नाही. नवऱ्याने त्यांना अक्षर दिले. त्याच्या मोबदल्यात त्यांनी आपला धर्मनिर्णय त्याला दिला नाही. आणि निर्णय आपला घेतला म्हणून अक्षराचे उपकारही नाकारले नाहीत. ऋणाने दुसऱ्याचा निर्णय विकत घेता येत नाही आणि निर्णय स्वतःचा असला म्हणून ऋण फिटत नाही. हे वाक्य आम्ही वहीत लिहिले आणि पहिले उत्तर खोडले.

आता यशाचे. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे प्रभू येशूच्या जीवनावरचे महाकाव्य लिहायला घेतले होते. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय झाले आणि 1919 साली ते वारले. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून ते काव्य पुरे केले. कधीही शाळेत न गेलेली बाई! एकही परीक्षा त्यांनी दिली नव्हती, एकही गुणपत्रिका त्यांच्याजवळ नव्हती. मग हे यश कोणाचे? सुरुवात करणाऱ्याचे की शेवट करणाऱ्याचे? आम्हांला वाटते, या प्रश्नाचे उत्तर देण्याची गरजच नाही. चांगल्या कामाला एकच मालक असलाच पाहिजे असे कुठे आहे?

'स्मृतिचित्रे'बद्दल आणखी एक गोष्ट. हे पुस्तक 1934 सालापासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. तोवर टिळक हे सर्वमान्य नाव झाले होते, त्यांची भजने मंडळ्यांतून गायिली जात होती. अशा माणसाचा राग, त्याची लहर, त्याचा विसराळूपणा बाईंनी जसाच्या तसा लिहिला. आणि स्वतःची फजिती तर त्याहून जास्त लिहिली. पण पुस्तकात कडवटपणा नाही. खरे सांगूनही प्रेम कमी होत नाही आणि प्रेम असूनही खरे लपवावे लागत नाही, हे आम्हांला त्यातून कळले. आपली फजिती हसत सांगता येणे, हेही आम्ही आता यशात मोजतो. आमच्यातला एक जण बारावीला नापास झाला होता. दोन वर्षे तो हे नव्या मित्रांपासून लपवत होता. त्याने ते परवा गाडीत आपणहून सांगितले.

एक लहानशी सूचना करावीशी वाटते. दरवर्षी आपल्या सभागृहात गुणगौरव समारंभ होतो. नाव पुकारतात, टक्के वाचतात, आपण टाळ्या वाजवतो. चांगलीच गोष्ट आहे. पण टक्क्यांच्या जोडीला त्या मुलाने किंवा मुलीने एका माणसाचे नाव सांगावे, ज्याच्यावाचून हे झाले नसते. आजी असेल, शेजारची ताई असेल, फी उशिरा घेणारे सर असतील. एका वाक्यापेक्षा जास्त नको. म्हणजे ज्यांना टक्के कमी पडले त्यांनाही कळेल की, बक्षिसाच्या मागे एकटा माणूस कधीच नसतो. कदाचित त्यांच्यापैकीच कोणाचे तरी नाव व्यासपीठावरून ऐकू येईल.

पालकांना आम्ही लहान तोंडी मोठा घास घेऊन एवढेच सांगतो की, आम्हांला विचार करायला थोडा वेळ द्या. पाच वर्षे नकोत, पाच रात्री पुरतील. आणि आमचा निर्णय वेगळा निघाला तर आम्ही तुमचे कष्ट विसरलो, असे समजू नका.

आमच्या मैत्रिणीने अजूनही पुण्याला जायचेच ठरवले आहे. वडील अजूनही तयार नाहीत. पण गेल्या शनिवारी ती पहाटे उठून त्यांच्याबरोबर टोपल्या बांधायला बसली. वडिलांना ती एवढेच म्हणाली, ''देणं लागत नाही म्हणाले, ते चुकलं माझं. पुण्याचं मात्र मला अजून तसंच वाटतं.'' वडील म्हणाले, ''आधी ही टोपली नीट बांध, सैल झालीय.'' त्या दोघांत आता बोलणे सुरू आहे. आमच्या मुलाने फॉर्म मागे घेतलेला नाही. मात्र शेवटची तारीख येण्याआधी आई-बाबांशी बसून बोलायचे, असे त्याने कबूल केले आहे.

मॅडमना आम्ही दहाऐवजी तीनच ओळी दिल्या. लक्ष्मीबाई स्वतंत्र होत्या, कारण त्यांनी आपला विचार आपण केला. त्या यशस्वी होत्या, कारण जे मिळाले ते त्यांनी पुढे नेले. आणि त्या एकट्या नव्हत्या. मॅडमनी खाली लाल शाईने लिहिले, 'दहा ओळी सांगितल्या होत्या.' उरलेल्या सात ओळी आम्ही इथे जरा लांबवून लिहिल्या आहेत.